पेट्या ओढ्यापलीकडे नेल्या तेव्हा

मधमाश्यांचं काम करत होते असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "चावल्या का?" दुसरा विचारतात, "खरा मध कसा ओळखायचा?" तिसरा प्रश्न बहुधा येतच नाही. तो यावा म्हणून मी बरीच वाट पाहिली. आता कुणी न विचारताच उत्तर लिहायला बसले आहे.

आधी पहिले दोन प्रश्न. हो, चावल्या. म्हणजे डंख मारला. डंख चिमटीत धरून उपटू नये, विषाची पिशवी दाबली जाते. तो नखाने खरवडून काढावा. आणि खरा मध घरी ओळखता येत नाही. काडी पेटवून नाही, पाण्यात थेंब सोडून नाही, कुत्र्यापुढे ठेवून तर मुळीच नाही. कपिलधारच्या यात्रेत आमच्या संस्थेचा मधाचा स्टॉल असायचा. तिथे एक आजोबा करडईच्या मधाची बाटली उलटी करून म्हणाले, "ही तर खाली साखर बसलीय." मध थंडीत थिजतो, हे मला माहीत होतं. मराठीत ते कसं सांगावं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते, तोवर शेजारून आमच्या संस्थेतल्या कौसामावशी म्हणाल्या, "बाबा, थंडीत तूप थिजलं तर त्याला डालडा म्हणता का?" आजोबांनी दोन बाटल्या घेतल्या.

माझी जुळवाजुळव अशीच राहायची. मी बीड शहरातली. शाळा इंग्रजी माध्यमाची, वडील नोकरदार, घरात बोलणं कमी. शेतीची पदवी घेतली आणि धर्मापुरीच्या अलीकडच्या एका गावात महिलांच्या मधमाशीपालन सहकारी संस्थेत तांत्रिक सहायक म्हणून लागले. गावात मला 'मुक्या मॅडम' म्हणत. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण बायका माझ्यासमोरच म्हणायच्या. एकच जागा होती जिथे मी मोकळी बोलायचे. पेटी उघडताना चेहऱ्यावर जाळी घालतात. ती एकदा खाली ओढली की मला कुणी पाहत नसल्यासारखं वाटायचं आणि मग मी राणीमाशीपासून मेणापर्यंत सगळं बोलत सुटायचे. कौसामावशी म्हणायच्या, "ताई, तुमी ही टोपी घालूनच लगीन लावा."

कौसामावशी चाळिशीच्या असतील. संस्थेच्या परदेशी जातीच्या माश्यांच्या बारा पेट्या त्यांच्याकडे सांभाळायला होत्या. लग्न झाल्यापासून दरवर्षी दसरा झाला की त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात, आणि परत येत तेव्हा गावात उन्हाळा लागलेला असे. संस्थेत आल्यावर एका वर्षी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, यंदा तुमी भावाला जोडीला घ्या, मी पेट्या बघते. नवरा म्हणाला, बघू एक साल. त्या एका सालावर त्यांचं सगळं टिकून होतं. पेट्यांनी वर्षभर घर चालवलं तर कोयता सुटणार, नाही चालवलं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा ट्रक.

त्या वर्षी मार्गशीर्षात येळवस आली. अमावस्येला सगळं गाव रानात जाऊन जेवतं तो सण. आमच्या घरी येळवस नव्हती. मी पहिल्यांदाच गेले. कौसामावशीही जवळजवळ पहिल्यांदाच, कारण इतकी वर्षं त्या दिवशी त्या कुठल्यातरी परक्या उसात असायच्या. सगळ्या भाज्या-दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीची भाकरी, मडक्यात आंबील. जेवणाआधी त्यांनी पिकाभोवती आंबील शिंपडलं आणि मग वळून पेट्यांकडेही शिंपडलं.

"माशांना कशाला?" मी विचारलं.

"त्या काय फुकट ऱ्हातेत का रानात? त्यांचं बी वावर हाय हे."

आता तिसऱ्या, न विचारलेल्या प्रश्नाकडे येते. माश्या शेतात नेमकं काय करतात?

कांद्याचं बी कसं तयार होतं हे शहरात फार कमी लोकांना माहीत असतं; मलाही नव्हतं. चांगला पोसलेला कांदा पुन्हा जमिनीत लावतात. त्याला कंबरेएवढा दांडा येतो आणि दांड्याच्या टोकाला पांढरा गोल गेंद, मुठीएवढा. त्या गेंदात शेकडो बारीक फुलं असतात. प्रत्येक फुलाचे पराग आधी पिकून झडतात, आणि त्यांचं संपतं तेव्हा कुठे त्याच फुलाची बी धरायची तयारी होते. म्हणजे स्वतःचं स्वतःला उपयोगी पडत नाही. दुसऱ्या फुलाचं कुणीतरी आणून द्यावं लागतं. वाऱ्याला ते जमत नाही, पराग चिकट असतात. माशी नसेल तर शेतकरी हाताला मऊ कापड गुंडाळून गेंदांवरून फिरवत बसतो, आणि तरी निम्मं बी पोचट निघतं. कलिंगड, काकडी, सूर्यफूल, करडई, डाळिंब, या सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. आम्ही फुलोऱ्याच्या काळात शेतकऱ्यांना पेट्या भाड्याने द्यायचो. संस्थेचं खरं काम ते होतं. मध हा वरचा मलिदा.

हे शेतकऱ्याला पटवणं सोपं नव्हतं. ओढ्यापलीकडे लिंबाजीकाकांचा कांद्याचा प्लॉट होता. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ते बांधावर उकिडवे बसून सगळं ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "म्हंजी माझ्या फुलातला रस तुमच्या माशा नेणार, आन वर भाडं मीच द्यायचं? तुमची म्हस माझ्या रानात चरणार, आन चराईचे पैसे बी माझ्याकडूनच?"

मी त्यांच्यापुढे छापील माहितीपत्रक धरलं. मावशींनी ते बाजूला सारलं.

"काका, सोयरीक जमवायला माणूस आला तर त्याला जेवू घालता का न्हाई?"

"घालतो की."

"मग? माशी तुमच्या कांद्याची सोयरीक जमवतीया. येक घास खाल्ला तर कावून मोजता?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पेट्या घ्यायचं कबूल झालं.

पण त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. विहिरी थंडीतच तळाला गेल्या. फेब्रुवारीत गावात टँकर सुरू झाला. माणसाला पाणी लागतं तसं माशीलाही लागतं. ती ते पोळ्यात आणून शिंपडते आणि पंखांनी वारा घालते, म्हणून आतली पिल्लं उन्हात तगतात. ओढा कोरडा, गुरांच्या पाण्याचा हाळ कोरडा, म्हटल्यावर आमच्या माश्या टँकरवर जाऊ लागल्या. ओल्या पाइपवर, ड्रमच्या कडेवर, घागरींच्या तोंडावर. एका मुलीच्या ओठाला डंख बसला. तिची आई पेट्यांपाशी येऊन मावशींना म्हणाली, "आमाला प्यायाला न्हाई, आन तुमच्या पाळीव किड्यांस्नी पायजे व्हय?" तिचं काही चुकलं नव्हतं.

मावशी स्वतःच्या वाट्याच्या पाण्यातून परातीत दगडगोटे घालून माश्यांना पाणी ठेवत. पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. तेवढंही पाणी राहिलं नाही तेव्हा त्यांनी गॅरेजमधून इंजिनाचं काळं तेल आणून वाट्यांत ओतलं. हे मला पुस्तकात कुठे सापडलं नव्हतं.

शेवटी सरपंचांचा निरोप आला, पेट्या गावाजवळून हलवा. विहाराच्या सभागृहात बैठक बसली. पंचवीस-तीस बायका, वर एकच पंखा. संस्थेच्या अध्यक्ष विमलताई म्हणाल्या, "लिंबाजीकाकांचा कांदा फुलायलाच लागलाय. त्यांच्या बोअरला थोडं पाणी हाय. पेट्या तशाबी तिथंच जाणार होत्या. उद्याच नेऊ. ओढ्यापल्याड तर हाय, अर्धा किलोमीटर."

"नेऊ की," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

इथे एक नियम सांगावा लागेल. पेटी हलवायची तर हातभर हलवावी, नाहीतर एकदम चार-पाच किलोमीटर दूर न्यावी. मधलं अंतर चालत नाही. माशी स्वतःची पेटी ओळखत नाही, ती जागा ओळखते. हे झाड, ती भिंत, तो ओढ्याचा वळसा, त्याच्या डावीकडे माझं घर, अशी तिची आठवण असते. खूप लांब नेलं तर ओळखीचं काहीच दिसत नाही, म्हणून ती सगळं नव्याने शिकते. पण जवळच नेलं तर उडता उडता तिला ते जुनं झाड दिसतं, आणि ती थेट जुन्या घरी जाते.

मला हे माहीत होतं. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात शिकले होते, वहीत चौकट आखून लिहिलं होतं. उपायही माहीत होता. गावातल्या इस्माईलभाईंचा टेम्पो सांगून पेट्या दोन आठवडे धर्मापुरीच्या पलीकडे न्यायच्या आणि मग काकांच्या प्लॉटवर आणायच्या. फुलोरा महिनाभर चालतो. सुरुवात हुकली असती, बाकीचा मिळाला असता.

मी वाक्य जुळवू लागले. आधी ते इंग्रजीत आलं. मग मराठीत आलं, पण पुस्तकी. 'स्थलांतर' म्हणावं की 'हलवणं', एवढ्यातच अडकले. पंचवीस चेहरे होते आणि जाळी नव्हती. मी वर पाहिलं तेव्हा विमलताई पुढच्या विषयावर गेल्या होत्या. आता मध्येच बोललं तर सगळ्या वळून पाहतील, असं वाटलं. मी वहीचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या माश्या घरी परतल्यावर दारांना जाळी ठोकली, आणि तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघी-दोघींनी बांबूला अडकवून बारा पेट्या ओढ्यापलीकडे नेल्या. लिंबाजीकाकांनी नारळ फोडला. दारं उघडली. माश्या बाहेर पडल्या, गेंदांवर बसल्या. काका म्हणाले, "लागल्या की वो कामाला!" मला क्षणभर वाटलं, पुस्तक चुकलं असेल.

दुपारी मी जुन्या जागी गेले. तिथे कडुलिंबाखाली पेट्यांचे फक्त चौकोनी ठसे होते, आणि त्या ठशांवर हजारो माश्या. जमिनीपासून बरोबर हातभर उंचीवर, जिथे पेटीचं दार असायचं तिथे येऊन त्या हवेत घुटमळत. पायाला पिवळे पराग चिकटलेले. जिथे उतरायचं ती फळीच नाही. मागे जात, पुन्हा तिथेच येत. दमल्या की मातीत बसत.

कौसामावशी आधीच तिथे येऊन उभ्या होत्या. "नव्या सुना," त्या म्हणाल्या. "पळून म्हायेरी आल्या."

आम्ही एक रिकामी पेटी आणली, आत दोन जुनी पोळी ठेवली आणि ठशांच्या मधोमध मांडली. दिवसभर माश्या त्यात गोळा होत. संध्याकाळी मावशी ती पेटी डोक्यावर घेऊन ओढा ओलांडत आणि त्यांना पलीकडच्या पेट्यांत सोडत. सकाळी त्या पुन्हा इकडे. पाच दिवस हे चाललं. दररोज परतणाऱ्या कमी होत, पण पलीकडे राहत होत्या म्हणून नव्हे. जुन्या जागेची माती काळी दिसू लागली होती, वाळलेल्या माश्यांनी.

पलीकडच्या पेट्यांत पाणी आणणाऱ्याच उरल्या नाहीत. वारा घालणाऱ्या कोवळ्या माश्या होत्या, पण नुसत्या कोरड्या वाऱ्याने काय होणार? ऊन चढत गेलं. मावशी पोती भिजवून पेट्यांवर टाकत. तरी दोन पेट्यांतली पोळी मऊ होऊन खाली लोंबली, मेणाबरोबर पिल्लंही. मी झाकण उघडलं आणि तो आंबूस वास आला तेव्हा जाळीच्या आत माझा चेहरा ओला झाला होता. मावशींनी पाहिलं असेल. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेऊन बसवलं.

आणखी पाच पेट्या हळूहळू ओस पडल्या; बारापैकी पाच वाचल्या. काकांच्या कांद्याला वरवर बी धरलं, खाली पोचट निघालं. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनीच उलट समजूत घातली. "पाणीच न्हाई तर माशा तरी काय करत्याल?" विमलताई तेच म्हणाल्या. गाव तेच म्हणालं. मी अहवाल इंग्रजीत लिहिला आणि कारणांच्या रकान्यात उष्णता आणि पाण्याचा अभाव अशी दोन कारणं दिली. दोन्ही खरी होती. दुष्काळाने माझी चूक पोटात घातली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला. गवतात फुलं आली, पाच पेट्या बाळसं धरू लागल्या. पण पाचच्या बारा व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि पाच पेट्यांवर एक घर चालत नाही. दसरा झाल्यावर शाळेजवळ ट्रक येऊन उभा राहिला. मावशींच्या दिराचं लग्न झालं होतं, त्याची त्याला जोडी मिळाली होती. नवऱ्याला जोडी हवी होती.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्या जर्मनची भांडी गोधडीत बांधत होत्या.

"मावशी, एक सांगायचंय."

"सांगा की. मुकादमाचं जेवण व्हायचंय, तवर ट्रक काय हलत न्हाई."

जाळी नसताना मी पहिल्यांदाच एका दमात बोलले. नियम, वही, टेम्पो, बैठक, सगळं. मराठी कशी होती ते आठवत नाही. सांगून झाल्यावर मी खाली पाहत उभी राहिले.

मावशींनी गाठोड्याची गाठ दाताने ओढली. "मला बी ठावं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माशी जुन्या जागी येती ते. आमच्या बापानं मोहळाची फांदी तोडून शेजारच्या झाडाला बांधलती. निम्म्या माशा जुन्याच खोडाला लोंबत बसल्या. मी बारकी होते, पर ध्यानात हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी गप बसलावता. मी म्हणलं, शिकलेलं मानूस गप हाय, म्हंजी चालत आसंल. या माशा परदेशी, यांचं न्यारं आसंल. तुमच्याकडं बगितलं बी मी तवा." त्या थांबल्या. "आन तुमी कावून गप बसलाव?"

"सगळ्या एवढ्या ठामपणे बोलत होत्या. तुम्हीही म्हणालात, नेऊ की."

मावशी गाठोड्यावर बसल्या आणि हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. "म्हंजी दोघी बी लई शान्या!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. दुष्काळ होता. मेल्याच आसत्या."

ते खरं की माझ्यासाठी म्हटलेलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या गावांतल्या पेट्या त्याच उन्हात वाचल्याही होत्या आणि मेल्याही होत्या.

मी एक गाठोडं उचललं आणि ट्रकपर्यंत त्यांच्याबरोबर गेले. त्या मागच्या फळीवर चढल्या, भांड्यांच्या आणि बायकांच्या मध्ये जागा करून बसल्या. कुणीतरी विचारलं, "ह्या कोण?" मावशी म्हणाल्या, "आमच्या मॅडम हायत. बोलतेत चांगल्या."

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. आता पुण्यात एका बियाण्यांच्या कंपनीत बसते. बैठकांत बोलते, जरुरीपेक्षा थोडं जास्तच. मंडईत वाकडी काकडी किंवा एका बाजूने पोकळ कलिंगड दिसलं की बाकीचे घासाघीस करतात आणि मी मनात म्हणते, इथे माशी कमी पडली. सकाळी आठच्या उन्हात पेटीला कान लावला की लाकूड आतून गुणगुणतं आणि कोमट लागतं. तसं दुसरं काही मला या शहरात सापडलेलं नाही. काम सोडून मी मोकळी झाले असं घरचे म्हणतात. त्यांना मी तरी काय सांगू?

मावशी अजून दरवर्षी जातात. संस्थेच्या पेट्या आता वीस झाल्या आहेत, पण त्या दुसऱ्या बायकांकडे आहेत. मागच्या हंगामात एका दुपारी मावशींचा फोन आला. मागे बायकांचे आवाज, ट्रॅक्टर, आणि मावशींची जोरात बोलायची सवय.

"ताई, हितं तोडलेल्या उसावर माशा येतेत! रस गळतो ना, त्याला. बारक्या बी हायत, आपल्यासारख्या बी हायत. आज येकीच्या मागं बगत हुबी ऱ्हायले, कुठं जाती म्हणून. मुकादम बोंबलला, काय बघतीस ग वर!"

"मग कुठं गेली?"

"सरळ उगवतीकडं. सगळ्याच तिकडं जातेत. आपल्या गावाकडंच की वो!"

त्या उसाच्या फडापासून त्यांचं गाव तीनशे किलोमीटरच्या पुढे आहे. माशी पोटासाठी फार तर दोन-तीन किलोमीटर जाते. हे मला माहीत आहे, आणि मावशींना माझ्याआधीपासून माहीत आहे.

"हो मावशी," मी म्हटलं, "गावाकडंच."